काचेची पिंड

संत्र्याचा रस काढणं सोपं आहे असं ज्याला वाटत असेल, त्यानं घरात आजारी माणूस, शेजारी बबनराव आणि देवघरात माझी आत्या असताना तो एकदा काढून दाखवावा. मी वाशीमच्या तहसिलीत नाझर आहे. कचेरीतल्या खुर्च्यांपासून खजिन्याच्या कुलपापर्यंत सगळं माझ्या सहीनं हलतं. एवढ्या माणसाला एक संत्रं रडवतं, हे मी स्वतः सोसलं नसतं तर मलाही पटलं नसतं.

झालं असं, की त्या माघात आमच्या मंडळींना, म्हणजे पंचफुलाला, मुदतीचा ताप आला. ताप उतरला खरा, पण जाताना तिची होती नव्हती ती ताकद घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, "आतडी कागदासारखी झाली आहेत. भात नाही, भाकरी नाही, दूध पचत नाही. संत्र्याचा रस द्या. पण त्यात साल नको, बी नको, सालीखालची पांढरी साय नको आणि गराचा एक तंतूही नको. चोथा पोटात गेला आणि आतडं फाटलं, तर मग मला बोलावून उपयोग नाही." एवढं बोलून ते टांग्यात बसले. मी दारात उभा राहून साल, बी, साय, गर आणि चोथा अशी शत्रूंची नावं पाठ करत राहिलो.

पहिला उपाय आत्याचा. गोजराआत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. ती आमच्याच घरी असते, आणि चूल व देवघर या दोन खात्यांत माझी सही चालत नाही. ती म्हणाली, "त्यात कायचं मोठं शास्त्र हाय? फडक्यात बांध अन् पिळ."

आता आजारी माणसाला जुनं फडकं कसं वापरायचं? मी नवंकोरं मांजरपाट आणलं, फाडलं, त्यात फोडी बांधून पिळल्या. चोथा फडक्यात राहिला, रस वाटीत उतरला. पंचफुलानं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"हे संत्रं हाय का धोब्याची खळ?"

नव्या कापडाची सगळी खळ त्या रसात उतरली होती. तो घोट तर उलटून पडलाच, पण आधी पोटात टिकलेलं पाणीही घेऊन पडला. धुतलेलं फडकं घ्यायचं होतं, असं तुम्ही म्हणाल. दुसऱ्या दिवशी घेतलं की! पण दुधानं तोंड पोळलेला माणूस निदान ताक फुंकून तरी पितो. पंचफुला वाटीकडे पाहायलाच तयार नव्हती.

ही बातमी भिंतीपलीकडे गेली आणि बबनराव आले. बबनराव आमच्या कचेरीसमोरच्या लिंबाखाली स्टँप विकतात, त्यामुळे कायद्यासकट जगातल्या सर्व विषयांत आपला सल्ला चालतो अशी त्यांची समजूत आहे. त्यांच्या मागोमाग समोरचे गोविंदसिंग आले. हे पलटणीतले जुने हवालदार. मागच्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेले.

"नाझरसाब, कपडा-बिपडा छोडा," गोविंदसिंग म्हणाले. "मशीन पायजे, मशीन."

त्यांच्या पेटीत बसऱ्याचा एक लोखंडी चिमटा होता. दोन कटोऱ्या, त्यांना लांब दांडे. मध्ये अर्धं लिंबू ठेवायचं आणि दांडे मिटायचे. मला कोणतीही वस्तू नाव दिल्याशिवाय हाताळवत नाही, म्हणून मी या जातीला 'दाबी' असं नाव दिलं. नाव चांगलं होतं. पण दाबी लिंबाच्या मापाची आणि आमचं संत्रं बाळसं धरलेलं. ते कटोरीत मावेना. गोविंदसिंगांनी गुडघा टेकला, दांड्यांवर छाती घातली आणि किल्ला सर करावा तसा जोर लावला. अर्धा रस उडाला तो थेट बबनरावांच्या डोळ्यात, कारण ते वाकून "जरा डावीकडून दाबा" असं सांगत होते. उरला तो मी चाखून पाहिला. कडू जहर! दाबी गराबरोबर सालही पिळते आणि सालीचं तेल रसात उतरतं, हे ज्ञान मला त्या दिवशी जिभेवर झालं. पंचफुलानं तो वास लांबूनच घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं.

बबनराव एक डोळा मिटूनच म्हणाले, "नाझरसाहेब, हे दाबनं-बिबनं गावठी काम हाय. आमच्या घरी शेवयाचं यंत्र हाय ना! वरून टाकाचं, मूठ फिरवाची, खालून आपोआप रस."

ते यंत्र आमच्या पाटाला आवळून बसवलं. पोटात मळसूत्र असल्यामुळे मी त्याला 'मळसूत्री' म्हणालो. बबनरावांनी मूठ फिरवली आणि खालून पिवळ्याधमक शेवया पडू लागल्या. डॉक्टरांनी ज्या ज्या शत्रूंची नावं घेतली होती, ते सगळे त्यात कुटून एकजीव झाले होते.

"रस कुठं आहे बबनराव?"

"रस आतच हाय ना बाप्पा, बाहेर कायले जाते? दूध टाकून पाहा, खीर होते."

माणूस शेजारी नसता तर मी काय बोललो असतो ते लिहिण्यासारखं नाही.

या साऱ्या गडबडीत मला एक गोष्ट आठवली. मुंबईच्या एका कंपनीचं सचित्र सूचीपत्र आमच्या कचेरीत पडलेलं असायचं. त्यात तिसरी जात मी पाहिली होती. काचेची वाटोळी बशी, तिच्या मधोमध उभ्या कंगोऱ्यांचं शिखर, शिखराभोवती बारीक दात, आणि काठाला रस ओतायला एक लांबट चोच. अर्धं संत्रं शिखरावर पालथं घालायचं, तळहातानं दाबायचं आणि फिरवायचं. साल हातात राहते, म्हणून कडूपणा नाही. बिया आणि गर दातांत अडकतात, म्हणून चोथा नाही. चोचीतून उतरतो तो निव्वळ रस. हिला मी 'शिखरी' म्हणालो, आणि आपला आतापर्यंतचा सगळा दोष यंत्राचा होता याबद्दल माझी खात्री पटली.

लढाईमुळे विलायती माल येणं बंद झालेलं. तरी कारंज्याच्या बाजारात जुन्या साठ्यात काही सापडेल म्हणून रजा काढून सर्व्हिस मोटारीनं गेलो. तिथं एका दुकानात शिखरी होती! दुकानदारानं ती उलटी करून तिच्यावर वजनं मांडली होती. "कंदिलाचं काहीतरी हाय साहेब, आमाले उमजत नाई," तो म्हणाला. मी ती धोतराच्या सोग्यानं पुसली, छातीशी धरली आणि परतीची मोटार गाठली. मंगरूळपीरला एक प्रयागबाई नावाची म्हातारी चढली आणि माझ्या मागच्या बाकावर बसली. सारा रस्ता ती माझ्या मांडीवरच्या शिखरीकडे टक लावून पाहत होती. मी म्हटलं, खेड्यातली बाई, काच कधी पाहिली नसेल.

वाशीमच्या नाक्यावर मोटार थांबली. नाका नगरपालिकेचा. तहसील आणि नगरपालिका यांचं सख्य तुम्हाला माहीत असेलच. नसेल तर साप आणि मुंगूस आठवा. जकात-कारकुनानं शिखरी हातात घेऊन सगळ्या बाजूंनी पाहिली.

"हे कायचं भांडं हाय, नाझरसाहेब?"

"भांडं नाही, यंत्र आहे."

"यंत्र हाय तं मूठ कुठं हाय?"

"याला मूठ नसते."

"मंग यंत्र कसं? बिनामुठीचं यंत्र आमच्या दरपत्रकात नाई. काचसामानात घालू तं मंधी हे शेंडी कायची? दिव्यात घालू तं वात कुठं लावता?"

मी शक्य तितक्या शांतपणे म्हणालो, "अहो, हे रस काढायचं साधन आहे."

"कायचा रस?" त्यानं टोपी मागे सारली. "मोहाचा? थांबा, अबकारीवाल्याले बलावतो."

मोटारीतले लोक खाली उतरून माझ्याकडे पाहू लागले. सरकारी नाझर भर नाक्यावर हातभट्टीचं सामान घेऊन सापडला, असा एकूण देखावा! ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. घरी पंचफुला सकाळपासून पाण्यावाचून पडलेली, आणि मी इथं बिनामुठीच्या यंत्रावर वाद घालत उभा.

तेवढ्यात प्रयागबाई पुढे झाली. तिनं पदर सावरून शिखरीला हात जोडले.

"काहून तरास देता वो त्याईले? डोये फुटले का तुमचे? ही पाहा पिंड, ही पाहा शाळुंका, अन् हे तीर्थ वाहून जायाची वाट. काचेचा महादेव हाय तो!"

सगळे माना लांबवून पाहू लागले. मीही शिखरीकडे नव्यानं पाहिलं, तर म्हातारीचं एक अक्षर चूक नव्हतं. कारकुनानं टोपी काढली, शिखरी दोन्ही हातांनी कपाळाला लावली आणि म्हणाला, "असं आधी सांगाचं ना राजेहो! देवाले जकात माफ हाय." मी तोंड उघडलं. मग अबकारीवाला आठवला, पंचफुला आठवली, आणि तोंड मिटलं. माफीच्या कागदावर माझी सही घेण्यासाठी त्यानं मला थांबवून ठेवलं. प्रयागबाईला सही नव्हती, त्यामुळे ती माझ्या पुढं गावात गेली, आणि तिच्याबरोबर काचेच्या महादेवाची बातमीही.

मी घरी पोचलो तेव्हा अंगणात रांगोळी होती. दारात गोजराआत्या आरतीचं ताट घेऊन उभी, तिच्या मागे साऱ्या आळीतल्या बाया. आत्यानं माझ्या पायावर पाणी घातलं.

"जगदेवा, जन्मात तू देवाले हात नाई जोडला. अन् आज तुह्याच हातानं महादेव घरी आला रे!"

"आत्या, हे भांडं..."

"काही बोलू नोको. इतक्या दिवसानं सुबुद्धी सुचली तं तिले नाट लावू नोको."

शिखरी माझ्या हातातून गेली. पाटावर तांदूळ, तांदळावर शिखरी, शिखरीवर बेल आणि भस्माचे आडवे पट्टे. समोर नंदी पाहिजे म्हणून बबनरावांनी घरून पोरांच्या तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल आणला, चाकांसकट. गोविंदसिंगांनी टाचा जुळवून सलाम ठोकला. माणसांची रीघ लागली. कोणी मला 'नाझर महाराज' म्हणून पायाला हात लावू लागलं, आणि रस काढण्यासाठी आणलेल्या संत्र्यांचा नैवेद्य झाला.

दिवस कलताना डॉक्टर आले. त्यांनी पंचफुलाच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली. तिचे ओठ फुटले होते. मी पाण्याचा चमचा पुढं केला तर तिनं मान वळवली. "काहीच नोको आता मले," एवढंच म्हणाली. डॉक्टरांनी मला बाहेर घेतलं.

"अंगातलं पाणी संपत चाललंय, नाझरसाहेब. आज पोटात काही गेलं नाही, तर..." ते टांग्याकडे वळले. "तिच्या माहेरी तार करून ठेवा."

आतापर्यंत मी यंत्रांशी, नाक्याशी, बबनरावांशी भांडत होतो. पंचफुला जाईल हे मी मनात येऊच दिलं नव्हतं. मी तडक देवघरात गेलो.

"आत्या, ती पिंड नाही. मला ते भांडं दे. त्याच्यावर संत्रं घासून रस काढायचा असतो."

"महादेवाच्या डोक्शावर संत्रं घासतं?" आत्यानं दोन्ही हात पसरून पाटाची वाट अडवली. "बायको अंथरुनाले खियलेली, अन् तुले असं सुचते? त्याच्या कोपानं उरलीसुरली जाईन ना ती!"

बायांनी कानांवर हात ठेवले. मी ओरडलो, तर्जनी हलवली, सरकारी आवाज लावला. त्या खात्यात माझी सही चालत नाही हे मघाशी सांगितलंच. शेवटी मी तिथंच खाली बसलो आणि शाळेत शिकलेलं सगळं शुद्ध मराठी विसरून बोललो.

"आत्या, मरून जाईन वो ते! उसाच्या रसाचा अभिषेक चालते ना देवाले? मंग संत्र्याचा काहून नाई चालत? तिच्यासाठी मी करतो अभिषेक. मले करू दे."

माझ्या तोंडून अभिषेक हा शब्द आत्यानं जन्मात ऐकला नव्हता. ती विचारात पडली.

"फळाच्या रसाचा चालते," ती म्हणाली. "पन रस आधी काढून आन."

"कायच्यात काढू?"

इथं बबनरावांनी खाकरून घसा साफ केला. मी मनात म्हटलं, आता हा माणूस शेवयाचं यंत्र आणणार. पण नाही! "आत्याबाई, आधी काढाव असं कोन्या पोथीत लिहिलं हाय? आधी काढला तं शिळा झाला. देवापुढं पिळला तं ताजा. कायद्यानंही हेच बरोबर हाय." कोणत्या कायद्यानं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि त्या घटकेला मी विचारलंही नाही.

मी विहिरीवर अंघोळ केली, ओलेत्यानं पाटापुढं बसलो. नैवेद्यातलं संत्रं कापलं आणि अर्धी फोड पिंडीवर धरून पिळली. दोन थेंब पडले. बाया "हर हर" म्हणाल्या. दोन थेंबांनी काय होतं? माझा हात घसरला. तो खाली आला आणि फोड शिखरावर पालथी बसली. आत्याचं तोंड उघडं. मी डोळे मिटले, तळहात दाबला आणि फिरवला.

चोचीतून धार सुटली. सोनेरी, स्वच्छ, एकही तंतू नसलेली.

"पावला!" कोणीतरी ओरडलं. "पावला महादेव! वाहून राह्यला, पाहा!"

आत्यानं झटकन तांब्या धारेखाली धरला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी दुसरी फोड बसवली, मग तिसरी. बाया मंत्र म्हणत होत्या, गोविंदसिंग संत्री कापून देत होते, आणि माझ्या कोपरांवरून रस गळत होता.

आत्या तांब्या आणि पळी घेऊन पंचफुलाकडे गेली. "सूनबाई, तीर्थ हाय."

पंचफुलानं डोळे उघडले. रस तिनं नाकारला होता, पाणी नाकारलं होतं, औषध नाकारलं होतं. पण तीर्थाला नाही म्हणायची रीत आमच्या मुलखात नाही. पांघरुणातून तिचा उजवा हात हळूच बाहेर आला, तळवा खोलगट झाला. आत्यानं पळीभर ओतलं. ती प्यायली, ओला हात डोक्यावरून फिरवला आणि पुन्हा डोळे मिटून पडली. आम्ही पाहत उभे. उलटी आली नाही.

"गोड हाय," पंचफुला डोळे न उघडता म्हणाली. "अजून हाय का?"

तीर्थ पळीभरच द्यायचं, हा आत्याचा आयुष्यभराचा नेम. तिनं माझ्याकडे पाहिलं, पळी खाली ठेवली आणि वाटी भरली.

त्या दिवसापासून माझी चाकरी दुहेरी झाली. सकाळ-संध्याकाळ उघड्या अंगानं बसून मी अभिषेक करत असे. आळीतल्या बाया संत्री आणत. आपला नाझर रोज उशिरा का येतो हे पाहायला एकदा तहसीलदारसाहेब स्वतः आले, आणि माझ्या हातून तीर्थ घेऊन उलट्या पावली गेले. कचेरीत शिपाई मला पाहिलं की हळूच हर हर म्हणत. माझी अब्रू पार गेली होती आणि मला तिची काडीइतकी पर्वा नव्हती. पंचफुला उशीला टेकून बसू लागली होती. डॉक्टरांनी नाडी पाहिली, मग कुंकवानं माखलेली शिखरी पाहिली, मग बराच वेळ मला पाहिलं. "गाळणी उत्तम आहे," ते म्हणाले, आणि आत्या पाहते आहे हे लक्षात येताच त्यांनी हातही जोडले.

मग एका सकाळी मी अंघोळीहून आलो तर अंथरूण रिकामं. पाहतो तो पंचफुला भिंतीला धरत धरत आपल्या पायांनी देवघरापर्यंत गेलेली. आत्या कौतुकानं बाजूला सरली. मला वाटलं, ती नमस्कार करेल. ती वाकली, बेल बाजूला केला आणि नाक मुरडलं.

"काय वो हे! दातं भरले सारे याचे. गर वायून कोयसा झाला. याच्यातनं मले पाजून राह्यले होते? हे भांडं घासाले घरात कोनाचेच हात नव्हते का?"

"भांडं?" आत्या म्हणाली.

"देव असो नाई तं भांडं, आत्याबाई, खरकटं ठेवाचं नाई." असं म्हणून तिनं शिखरी उचलली, मोरीपाशी जाऊन बसली आणि राख व नारळाचा काथ्या घेऊन घासू लागली.

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. आता खुलासा मी करायचा होता. पण मी मोरीकडे कान लावून उभा होतो. घरात पुन्हा भांडं घासल्याचा आवाज येत होता. मी उंबऱ्यावर बसलो आणि कुंपणापलीकडून बबनराव पाहत असताना हुंदके देऊन रडलो.

पंचफुलानं मान वर करून पाहिलं.

"आता काहून रडून राह्यले? इकडं या, पानी टाका."

मी डोळे पुसले, तांब्या उचलला आणि तिच्या हातांवर पाणी ओतू लागलो.